पुसायचा हक्क

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो की माझं डोकं फिरलेलं आहे. फळ्याला कुठलं आलंय डोकं, असं म्हणून दात काढू नका. ज्याच्या अंगावर इतकी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलं आणि दुसऱ्यांनीच पुसलं, त्याला राग यायला डोकं लागत नाही. सोलापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात मी टांगलेला आहे. दारातून आत आलात की अगदी समोर. अलीकडे माझ्या बाबतीत जे घडलं ते बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पण अशा गोष्टीची सुरुवात जन्मापासून करायची असते, म्हणून तिथूनच सांगतो.

मला सिद्धप्पा सुताराने घडवलं. तो अक्कलकोटकडचा, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायचा. सागवानाच्या फळ्या जोडून त्याने मला आकार दिला, रंधा मारला, पुढच्या अंगाला काळा रंग चढवला आणि उन्हात उभं केलं. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे, रंग वाळायला वेळ लागला नाही. मग त्याने अंगभर खडूची पूड चोळली, पुसली, पुन्हा चोळली. शेवटी एक रेघ ओढून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चलो अद.” म्हणजे छान झालंय. माझ्याबद्दलचा तो पहिला अभिप्राय. तो देणाऱ्याने आधी मला नीट पाहिलं होतं, हे मुद्दाम सांगतो.

वाचनालयात आल्यावर पहिली काही वर्षं माझ्यावर रोज एक सुविचार लिहीत. त्या सुविचारांनी मला जेवढं पिडलं तेवढं वाळवीनेही पिडलं नसतं. ‘वेळेचे महत्त्व ओळखा’ असं माझ्यावर लिहिणारा शिपाई स्वतः रोज उशिरा यायचा आणि बस चुकल्याचं सांगायचा. मुलं माझ्याकडे ढुंकून बघत नसत. त्यांना मी दोष देत नाही. मला स्वतःलाच ते वाचवत नसे.

मग दुर्गाताई ग्रंथपाल म्हणून आल्या. अंगाने बारीक, पण आवाज असा की शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट त्यापुढे दबून जावा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुविचार बंद केले आणि मुलांना सांगितलं, “पुस्तक परत करताना फळ्यावर दोन ओळी लिहायच्या. आवडलं तर का आवडलं, नाही तर का नाही. मला खूश करायला लिहाल तर पुढचं पुस्तक मिळणार नाही.”

एके दिवशी अद्वैत नावाच्या मुलाने एका साहसकथेबद्दल माझ्यावर लिहिलं, ‘रटाळ. राक्षस येईपर्यंत मला झोप लागली.’ त्याच्या मागून अनीश आला. त्याला स्वतःचं लिहायचं होतं, म्हणून त्याने फडकं घेतलं आणि अद्वैतचं पुसून टाकलं. दुर्गाताईंनी विचारलं, “तू ते पुस्तक वाचलंस का रे?”

“नाही, बाई.”

“मग त्याचं मत कुठल्या हक्काने पुसलंस?”

अनीशला ते रटाळ पुस्तक घरी न्यावं लागलं. आठवड्याने परत आला आणि त्याने लिहिलं, ‘राक्षस उशिरा येतो हे खरं आहे. पण लवकर येऊन तरी काय करणार होता? गावात कोणीच नव्हतं.’ त्या दिवसापासून आमच्याकडे नियम पडला. ज्याने तेच पुस्तक वाचलंय त्यानेच आधीच्याचं मत पुसायचं, आणि पुसलं की आपलं लिहायचं. न वाचता फडक्याला हात लावायचा नाही. हा नियम कुठे छापलेला नाही, पण बालविभागात येणारं प्रत्येक पोर तो दुसऱ्या पोराला शिकवत आलं आहे.

त्यानंतरची वर्षं माझी खरी नोकरीची वर्षं. आमच्याकडच्या दोन कपाटांवर मुलांच्या उड्या पडत. एक कपाट अद्भुत साहसांचं. त्यात राक्षस, उडत्या गाड्या, पाताळात उघडणारी दारं. दुसरं कपाट लढायांचं. त्यात रणगाडे, पाणबुड्या, वेढे आणि घडी घातलेले नकाशे. मोठ्या माणसांच्या मते पहिल्या कपाटात थापा होत्या आणि दुसऱ्यात ज्ञान. मुलांना हा भेद कोणी समजावून दिला नव्हता, त्यामुळे ती दोन्हींना एकाच मापाने मोजायची. ‘सेनापती हुशार आहे, पण पूर्ण पुस्तकात त्याच्या घोड्याला कोणी पाणी पाजलेलं नाही.’ ‘पाणबुडीतली माणसं इतके दिवस काय खात होती ते सांगायला पाहिजे होतं.’ ‘उडती बैलगाडी टेंभुर्णीच्या चौकात उतरवायला पाहिजे होती. उतरायला जागाच मिळाली नसती, मग खरी मजा.’ वडिलांना नान्ना म्हणणाऱ्या, तेलुगू विणकराच्या घरातल्या एका मुलीने तर लिहिलं होतं, ‘राजकन्येची जादूची चादर फार लवकर फाटते. आमच्या नान्नांनी विणली असती तर फाटली नसती.’

ती मतं वाचायला मोठी माणसंही बालविभागात डोकावू लागली. अनुदानाच्या तपासणीला आलेले एक साहेब माझ्यासमोर उभे राहून इतके हसले की त्यांचा चहा निवला. एका वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. मी फुगलो नाही असं म्हणणार नाही.

दुर्गाताई निवृत्त झाल्या आणि हळूहळू माझे दिवस फिरले. गड्ड्याच्या जत्रेला जेवढी गर्दी जाते त्याच्या नखाएवढीही गर्दी आमच्याकडे उरली नाही. कोणी मला सायकल टेकवली, कोणी माझ्या खिळ्याला पिशवी अडकवली. तेही चाललं असतं. पण मधल्या काळात कोणाच्या तरी डोक्यातून ‘अभिप्राय स्पर्धा’ निघाली, तिचा मला आजही संताप येतो. आईबापांनी मोबाइलमध्ये बघून उतरवून दिलेली मतं मुलं माझ्यावर लिहू लागली. ‘सदर पुस्तक अत्यंत प्रेरणादायी असून वाचकांस खिळवून ठेवते.’ मला सांगा, सातवीतलं पोर आपल्या मित्राशी बोलताना कधी ‘सदर’ म्हणतं का? ‘असून’ म्हणतं का? आपल्या मुलाला स्वतःचं मत आहे याची एवढी कसली लाज वाटते या लोकांना?

आताच्या ग्रंथपाल चेतनाताई. त्या मनाने चांगल्या, पण भित्र्या. वरच्या माणसाने आवाज चढवला की त्यांच्या हातातली किल्ली वाजू लागते. तरी त्यांनी ती स्पर्धा बंद पाडली आणि दुर्गाताईंचा नियम पुन्हा सुरू केला, हे मी विसरलेलो नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या वाचनालयाचे कार्यवाह यज्ञेश्वर सर. निवृत्त मुख्याध्यापक. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी एकाहत्तरच्या लढाईवर मुलांसाठी इतिहासाचं पुस्तक लिहिलं आहे. लाल पुठ्ठ्याचं, उशीएवढं जाड. प्रकाशनाचा समारंभ झाला, पेढे वाटले गेले आणि पुस्तक लढायांच्या कपाटात मधल्या फळीवर जाऊन बसलं. सर येता जाता विचारायचे, “मुलांचा प्रतिसाद कसा आहे?” चेतनाताई म्हणायच्या, “नेतात की, सर.” त्या खोटं बोलत नव्हत्या. मुलं ते न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत आणायची. माझ्यावर त्या पुस्तकाबद्दल एक ओळ कधी उमटली नव्हती, कारण ते शेवटपर्यंत कोणी वाचलेलंच नव्हतं.

ते वाचलं सृष्टीने. सृष्टी सातवीत आहे. तिचे वडील अमृत चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहेत. मूळ घर करमाळ्याकडे, आता चौघं इथेच भाड्याच्या खोलीत राहतात, त्यात आजी सोनाबाई. सृष्टी अद्भुत साहसांच्या कपाटाची भक्त. तिचं सर्वांत लाडकं पुस्तक एका राक्षसाचं आणि त्याने पाळलेल्या आंधळ्या घोड्याचं. असं असताना तिने एकदा लाल पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा चेतनाताईंनाही नवल वाटलं.

“अगं, हे तुला झेपेल का?”

“आजीसाठी नेतेय, ताई. आजीचा भाऊ त्या लढाईत गेला. आजीला वाचता येत नाही. ती म्हणाली, एवडं जाड पुस्तक हाय तर आप्पाचं नाव त्यात असंलच.”

रोज संध्याकाळी आजी शेंगा फोडायला बसायची आणि सृष्टी तिला मोठ्याने वाचून दाखवायची. मुदत संपली की ती येऊन पुस्तक वाढवून न्यायची आणि कुठवर आलो ते चेतनाताईंना सांगायची, म्हणून मला हे सगळं माहीत आहे. शेवटी पुस्तक परत करायला आली तेव्हा चेतनाताईंनी विचारलं, “सापडलं का गं नाव?” तिने “नाही” म्हटलं. मग खडू घेतला, स्टुलावर चढली आणि माझ्यावर लिहिलं.

‘मी हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. यात रणगाड्यांची नावं आहेत. तोफांची नावं आहेत. एका सेनापतीच्या कुत्र्याचंही नाव आहे. माझ्या आजीचा भाऊ ज्या लढाईत गेला तिच्याबद्दल लिहिलंय, या चकमकीत आपलेही काही जवान कामी आले. पुढच्याच ओळीत हवामान आहे. राक्षसाच्या पुस्तकात आंधळा घोडा मरतो तेव्हा दोन पानं सगळे थांबतात. राक्षससुद्धा जेवत नाही. म्हणून मला राक्षसाचं पुस्तक जास्त खरं वाटलं.’ खाली नाव, सृष्टी.

मित्रांनो, इतकं नीट वाचून लिहिलेलं मत माझ्या अंगावर त्याआधी कधी आलं नव्हतं. त्या पुस्तकाला पहिली वाचक मिळाली होती. लेखकाने खरं तर तिच्या घरी जाऊन तिच्या हातचा चहा प्यायला हवा होता.

झालं भलतंच. मुलाला न्यायला आलेल्या एका पालकाने माझा फोटो काढला. पूर्ण फळ्याचा नाही, फक्त शेवटच्या वाक्याचा, जवळ येऊन. तो फोटो मोबाइलवर गावभर फिरला आणि त्याखाली लोकांनी आपली अक्कल पाजळली. ‘लढाईचा इतिहास खोटा आणि राक्षस खरा? जवानांचा अपमान! वाचनालयात मुलांना हेच शिकवतात का?’ यातल्या एकाने लाल पुस्तक वाचलेलं नव्हतं, राक्षसाचंही नव्हतं, आणि सृष्टीचं मतही पूर्ण वाचलेलं नव्हतं. जिच्या घरातला माणूस त्या लढाईत गेला तिलाच हे लोक जवानांचा मान राखायला शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वर सर आले. दारातूनच त्यांनी चेतनाताईंना हाक मारली आणि ओलं फडकं मागितलं.

“सर, आपल्याकडे नियम आहे,” चेतनाताई हळूच म्हणाल्या. “ज्याने पुस्तक वाचलंय त्यानेच...”

“चेतनाताई, हे पुस्तक मी लिहिलंय.”

त्यांनी फडकं भिजवून आणलं. मी गप्पच असतो, पण माझं आतलं लाकूड पेटलं होतं. लिहिलं म्हणजे वाचलं असं कोणी सांगितलं यांना? सरांनी दोन फराट्यांत सृष्टीचं मत पुसलं. माझ्या अंगावरून ते पांढरं पाणी ओघळून जमिनीवर पडत होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

एवढ्यावर भागलं नाही. वाचन प्रेरणा दिन तोंडावर आला होता आणि पाहुणे येणार होते. सरांनी सोमेश पेंटरला बोलावून घेतलं. सोमेशने मला उतरवून पाहिलं आणि म्हणाला, “सर, ह्याच्यावर ऑइल पेंट मारला तर परत खडू उठायचा न्हाय बघा.”

“उठायला नकोच आहे,” सर म्हणाले.

त्याने माझ्या काळ्या अंगावर हिरवा चकचकीत रंग मारला आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत, सरांनी सांगितलं तसं लिहिलं, ‘हा ग्रंथ वाचून मी भारावून गेलो. तो प्रत्येक मुलाच्या संग्रही असावा. एक बालवाचक.’ मला विचाराल तर मी असल्या बालवाचकाला जन्मात पाहिलेलं नाही. तो कधी आमच्याकडे आला नाही, त्याने पुस्तक नेलं नाही आणि परतही केलं नाही. जी मुलगी आली, जिने नेलं, वाचलं आणि परत केलं, तिचं मत गटारात गेलं. आणि या नसलेल्या पोराचं मत मला कायमचं अंगावर वागवायचं होतं.

त्याच आठवड्यात सरांनी सृष्टीला बोलावून माझ्यासमोर उभं केलं. तिचं वाचनालयाचं कार्ड त्यांच्या टेबलावर होतं.

“कार्यक्रमाला सगळ्यांसमोर उभं राहायचं,” ते म्हणाले, “आणि सांगायचं, मी पुस्तक नीट वाचलं नव्हतं. न वाचता लिहिलं. माझी चूक झाली. मग हे कार्ड परत मिळेल.”

“पण मी वाचलंय, सर.”

“वाद नको. मोठी माणसं सांगतात ते तुझ्या भल्याचंच असतं.”

मला रंगाखालीसुद्धा घाम फुटला. तिने माफी मागितली असती तर मी समजू शकलो असतो. मुलांना माफी मागायला लावणं हा मोठ्यांचा जुना छंद आहे. पण त्या पुस्तकाच्या एकमेव वाचकाने आपण ते वाचलंच नाही असं सांगायचं? घरून तिला आधार मिळेल असं वाटलं होतं, तोही मिळाला नाही. अमृतने कारखान्यातून चेतनाताईंना फोन केला. त्याचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. “ताई, मागंल ती. दोन शब्द बोलून मोकळी हुईल. लोकांशी वाकडं घिऊन आमचं कसं चालायचं?” चेतनाताईंनी फोन ठेवला.

कार्यक्रमाचा दिवस आला. सतरंज्या, खुर्च्या, शाली, नारळ. माझ्या चौकटीला झेंडूची माळ घातली होती. मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तशी ती मला वाटली. सरांनी वाचनाच्या महत्त्वावर भाषण केलं. मुलं राक्षसांच्या भाकड गोष्टींत रमतात, त्यांना खऱ्या इतिहासाची गोडी लावली पाहिजे, असं ते बोलले आणि पाहुण्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी सृष्टीचं नाव पुकारलं.

सृष्टी उठली. तिच्या मागे तिची आजीही उठली. सोनाबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या नऊवारीचा पदर खोचून सरळ टेबलापर्यंत आल्या.

“गुरुजी, पोरगी बोलंल काय बोलायचं ते,” त्या म्हणाल्या. “पर तिनं वाचलंच न्हाय म्हनताय, तर माज्या भावाच्या लढाईचं तेवडं पान तुमी वाचून दावा. मला अक्षर येत न्हाय. हिनं मला वाचून दावलं ते खरं का खोटं, माजं मला कळू द्या की.”

एवढ्या लोकांसमोर आपलं पुस्तक वाचायला मिळतंय म्हटल्यावर सर खूशच झाले. त्यांनी चष्मा चढवला आणि पानं चाळू लागले. पान सापडेना. पुढे गेले, मागे आले, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं. शेवटी सृष्टीने हात पुढे करून पुस्तक घेतलं, पान उघडलं आणि त्यांच्या हातात परत दिलं. आता मला सांगा, वाचलं कोणी होतं?

सर खड्या आवाजात वाचू लागले. तोफा धडाडल्या, रणगाडे पुढे सरकले, पूल उडाला. “या चकमकीत आपलेही काही जवान कामी आले. त्या दिवसांत हवामान प्रतिकूल...”

“थांबा,” सोनाबाई म्हणाल्या. “ते काही जवान म्हनला, त्यात आमचा आप्पा कंचा?”

सरांनी पुस्तक खाली केलं. “आजी, लढाई फार मोठी होती. सगळ्यांची नावं देणं शक्य नसतं. ‘काही जवान’ म्हटलं की त्यात सगळेच आले.”

“सगळं तुमचं, गुरुजी. माजा एकच हुता. आप्पा गेला तवा मी हिच्याएवडी हुते. तार आली तवा आई भाकरी करत हुती, ती तव्यावरच जळून गेली. ते काय पुस्तकात लिवायचं न्हाय, मला कळतंय. पर तुमी त्या सायबाच्या कुत्र्याचं नाव लिवलंय. पोरीनं वाचलं तवा मी तिला परत इचारलं, खरंच कुत्र्याचं हाय का म्हनून.”

त्या ओरडल्या नाहीत. शेजारणीला सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. या वेळी पाहुण्यांपैकी कोणी मान हलवली नाही. मागच्या खुर्च्यांवरच्या लोकांनी मोबाइल वर केले होते. त्यात तो फोटो काढणारा पालकही होता.

“पुढच्या आवृत्तीत आपण नक्की विचार करू,” सर म्हणाले.

“ती कवा निघंल?”

पहिल्याच आवृत्तीचे गठ्ठे माळ्यावर पडून आहेत, हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही.

“मग तवर हितं लिवा,” सोनाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “तुमी लिवनारं मानूस हाय. तुमच्याच हातानं लिवा. आप्पा निवृत्ती सरडे.”

इतके लोक बघत असताना सरांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी खडू घेतला आणि माझ्यापाशी आले. पिवळ्या अक्षरांखाली थोडी हिरवी जागा होती, तिथे त्यांनी खडू टेकवला आणि ओढला. काही उमटलं नाही. त्यांनी जोर लावला. खडू त्या चकचकीत रंगावरून घसरला आणि मोडला. दुसरा घेतला, तोही मोडला. मुख्याध्यापकपदावर जन्म गेलेला माणूस फळ्यासमोर उभा होता आणि त्याला एक अक्षर काढता येत नव्हतं. मित्रांनो, मला दया यायला हवी होती. आली नाही.

तेवढ्यात चेतनाताई मागून पुढे आल्या. त्यांच्या हातातली किल्ली वाजत होती, पण त्या आल्या. “सर, तो रंग खडू घेत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हालाच तो तसा हवा होता.” मग त्यांनी आणि सृष्टीने मिळून मला खिळ्यावरून काढलं. माळ खाली पडली, ती कोणी उचलली नाही. त्यांनी मला फिरवून भिंतीला टेकवलं. माझी पाठ इतकी वर्षं भिंतीकडे होती. नुसतं सागवान, वर कोळिष्टकं. सोनाबाईंनी आपल्या पदराने ती पुसून घेतली.

सरांनी पुन्हा खडू धरला. या वेळी तो लाकडात बसला. शाळेत काढायचे तसं ठसठशीत अक्षर त्यांनी काढलं.

“काय लिवलंय ग?”

“आप्पा निवृत्ती सरडे,” सृष्टीने वाचलं.

सोनाबाईंनी ते नाव आणखी एकदा वाचून घेतलं. मग नातीकडे वळून म्हणाल्या, “आता माग माफी, बाळा. पुस्तक वाचलं नसशील तर माग.”

सृष्टी सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली. “मी वाचलंय,” ती म्हणाली. तिने टेबलावरचं आपलं कार्ड उचललं आणि आजीचा हात धरून जागेवर जाऊन बसली. सरांनी तिला अडवलं नाही.

तेव्हापासून मी उलटा टांगलेला आहे. तो हिरवा रंग आणि तो बालवाचक दोघेही भिंतीकडे तोंड करून आहेत. मुलं आता माझ्या पाठीवर, त्या नावाच्या खाली लिहितात. खडू थोडा जास्त लागतो, पण अक्षर बसतं. सृष्टीने आपलं मत पुन्हा लिहिलं, त्याच शब्दांत. यज्ञेश्वर सर येतात, सह्या करतात, माझ्याकडे न बघता जातात. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करायची घाईही नाही. ज्यांनी तो फोटो गावभर फिरवला त्यांच्यातला तर एकही जण पुस्तक मागायला आलेला नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं सांगायची माझ्यासारख्या वस्तूंची पद्धत असते. माझी नाही घेतलीत तरी चालेल, मी लाकूड आहे, निभावून नेईन. पण तुमच्याएवढ्या एखाद्याने पूर्ण पुस्तक वाचून दोन ओळी लिहिल्या असतील, तर त्यांना जपा. पटल्या नाहीत तर भांडा, पण पुस्तक वाचून भांडा. राक्षसाचं असो की लढाईचं, मोठ्यांना काय आवडेल ते बघून लिहू नका. आणि परवा तपासणी आहे म्हणून कोणीतरी ओलं फडकं घेऊन माझ्यासमोर उभं होतं, त्यालाही सांगून ठेवतो. बाकीचं पुसायचं तर ती ती पुस्तकं वाचून ये. पण वरच्या त्या नावाला हात लावायचा असेल, तर लाल पुस्तक घे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच, आणि त्यात आप्पा निवृत्ती सरडे कुठे आहे ते मला दाखव.